वाड्यावरचा पाहुणा

भातकापणी होऊन झोडणी आटोपली, खळी मोकळी झाली, की आमच्या भिवंडी तालुक्यात पडघ्याच्या अंगाला संध्याकाळी कुत्र्यांचे भुंकणे ऐकू यायचे आणि त्यामागोमाग शेकडो मेंढ्यांचा गलका. ‘धनगर आले’ एवढे दोनच शब्द घरात कुणीतरी उच्चारायचे. आम्ही मुले बांधावर धावायचो. पुढे बायका आणि घोडी. घोडीच्या पाठीवर सगळा संसार लादलेला: भांडी, घोंगड्या, पीठ, पालाच्या काठ्या. त्यावर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, एखादे कालचेच जन्मलेले कोकरू आणि पुष्कळदा एखादे शेंबडे पोर, अगदी राजासारखे बसलेले. पुरुष मेंढ्या घेऊन मागून, दुसऱ्या वाटेने, चारत चारत येणार. तोवर बायकांनी जागा बघून तीन दगडांची चूल मांडलेली असे.

रात्री आमच्याच शेतात वाघर लागे. वाघर म्हणजे सुती दोरांचे जाळे. ते खुंट्यांवर ताणले की मेंढ्यांचा कोंडवाडा तयार. सकाळी ती जागा सोडताना जमिनीवर लेंड्यांचा काळाभोर थर राही, आणि आजोबा पायलीने भात मोजून धनगराच्या पोत्यात ओतत. मला तेव्हा हे उलटेच वाटायचे. आपल्या शेतात ते राहिले, आपल्या धसकटांवर त्यांची मेंढरे चरली, मग धान्य आपण का द्यायचे? आजोबांना विचारले तर ते म्हणाले, ‘अरे, ते राहायला आले नाहीत, आपण त्यांना बसवून घेतले आहे.’ ‘मेंढ्या बसवणे’ हा आपल्याकडचा रूढ शब्दप्रयोग. पाहुणा कोण आणि यजमान कोण, हा प्रश्न त्या शब्दातच गुंतलेला आहे. आज मला बोलायचे आहे ते याच प्रश्नावर, आणि अशा वाड्यावर जाऊन बसलेल्या एका परदेशी पाहुण्यावर.

आधी ‘वाडा’ शब्दाचा घोळ मिटवू. भिवंडीकरांना वाडा म्हटले की शेजारचा तालुका आठवतो, कोलम तांदळाचा. पुणेकरांना पेशव्यांचा आठवतो. धनगरांचा वाडा या दोहोंहून वेगळा. त्याला भिंत नाही, दार नाही, पत्ताही नाही. चार-सहा बिऱ्हाडे आपापले कळप घेऊन एकत्र चालतात, त्या चालत्या वस्तीला ते वाडा म्हणतात. वाडा आज इथे, परवा दोन कोस पुढे.

हे चालणे भटकणे नव्हे. त्याला पावसाचा कडक हिशेब आहे. सह्याद्रीच्या पलीकडे, माणदेशात किंवा पारनेरच्या माळावर, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. अलीकडे, आमच्याकडे, त्याच्या पाचपट. दख्खनी मेंढी ही कोरड्या हवेची. ओल्या चिखलात तिचे खूर कुजतात, लोकर भिजून जड होते. म्हणून पावसाळा घाटावर काढायचा. दिवाळीच्या आगेमागे माळावरचे गवत संपू लागले की निघायचे. कोकणात तेव्हा भात निघालेले असते, शेतात धसकटे, बांधावर हिरवा पाला आणि ओढ्यांना पाणी असते. माळशेजसारख्या घाटांतून कळप उतरतात आणि मृगाच्या आधी परत वर चढतात. शेतकऱ्याला खत, धनगराला चारा आणि धान्य. इतका साधा व्यवहार, पण तो टिकून राहिला तो दोन वेगळ्या हवामानांच्या मधोमध चालत राहिल्यामुळे.

आता त्या पाहुण्याकडे वळू. गुंथर-डिट्झ सोन्थायमर. जन्म १९३४, जर्मनीतल्या उल्म गावचा. शिक्षणाने कायद्याचे माणूस. हिंदू एकत्र कुटुंबाची कायदेशीर घडण कशी होत गेली, यावर त्यांनी लंडनला प्रबंध लिहिला. धर्मशास्त्राच्या अभ्यासासाठी पुण्याला आलेला हा मनुष्य पोथ्यांमधून उठून मेंढ्यांमागे कसा गेला, हे मला फार कुतूहलाचे वाटते. एक उत्तर त्यांच्या विषयातच आहे. पोथीतला कायदा एक सांगतो आणि गावातली रीत दुसरे, हे रूढींचा अभ्यास करणाऱ्याला पहिल्या दिवशीच कळते. मग त्या रीती ज्यांच्या तोंडी आहेत त्यांच्याकडे जावे लागते. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत ते शिकवू लागले, मराठीही शिकवू लागले, पण दरवर्षी पाय महाराष्ट्राकडे वळत. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून धनगरांच्या वाड्यांवर, बिरोबाच्या आरेवाडीला, म्हस्कोबाच्या वीरला, जेजुरीला, पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेला ते जात राहिले. बरोबर ध्वनिमुद्रण यंत्र.

यापूर्वी धनगरांकडे परके कुणी गेले नव्हते असे नाही. इंग्रजांचे गॅझेटिअर आहेत. आमच्या ठाणे जिल्ह्याचे १८८२ सालचे. पुढे एन्थोव्हेन यांचे मुंबई इलाख्यातील जाती-जमातींवरचे खंड निघाले, १९२० ते १९२२ या काळात. त्यांत पोटजाती आहेत, लग्नाच्या चाली आहेत, देवके आहेत. माहिती उपयोगी आहे, मी स्वतः ती पुष्कळदा चाळली आहे. पण ती माहिती बहुधा कचेरीत बोलावून घेतलेली. साहेब खुर्चीवर, धनगर उभा. प्रश्न साहेबाचे, आणि उत्तर रकान्यात बसेल तेवढेच. सोन्थायमर यांचा फरक एवढाच, की ते जमिनीवर बसले आणि प्रश्न विचारण्याऐवजी ‘म्हणा’ म्हणाले.

कारण धनगराचा इतिहास प्रश्नोत्तरांत मावत नाही. तो ओवीत असतो. जात्यावरची ओवी आपल्या ओळखीची. धनगरी ओवी तिच्याहून निराळी आणि पुष्कळ लांब. आरंभी ‘सुंबरान’ मांडायचे, म्हणजे स्मरण. देवांचे, गुरूंचे, ठिकाणांचे. मग एकजण कडवे उचलतो, बाकीचे झेलतात. काही वेळाने गाणे थांबते आणि तीच हकिगत बोलीत, गद्यात सांगितली जाते, पुन्हा गाणे. ही आलटापालट रात्रभर चालू शकते. गायलेला भाग पिढ्यान् पिढ्या फारसा हलत नाही, सांगितलेल्या भागात सांगणारा आपली भर घालतो. रकाने भरायला आलेल्या माणसाला यातले काय मिळणार? ज्याला उद्या सकाळी घाई नाही, त्याच्यासाठीच ही विद्या.

या ओव्यांमधून, जत्रांमधून, वारुळांवरच्या आणि तांदळ्यांवरच्या शेंदरातून सोन्थायमर यांनी जो ग्रंथ सिद्ध केला तो १९७६ साली जर्मनीत प्रसिद्ध झाला. विषय बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा: या देवांचे मूळ, इतिहास आणि परिसर. ‘परिसर’ हा शब्द महत्त्वाचा. देवाचा विचार करताना पाऊस किती पडतो, काटेरी झुडपे कुठली, मेंढ्या कुठल्या वाटेने जातात, हे बघायचे. वीरचा म्हस्कोबा घ्या. कथा सांगते की हा सोनारीचा काळभैरव, कमळाजी नावाच्या धनगर भक्तासाठी त्याच्यामागून वीरला आला. ‘चमत्कार’ म्हणून आपण हसून सोडून देतो. सोन्थायमर तिथे थांबतात आणि सोनारीपासून वीरपर्यंतची वाट बघतात. देव जिथून जिथे आला, तिथून तिथे कळपही येत होते. देवाची कथा हा वाटेचा दस्तऐवज झाला. ज्यांच्याकडे सनद नाही, सातबारा नाही, त्यांचा हा सातबारा म्हणा.

या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर ॲन फेल्डहाऊस यांनी केले, ते १९८९ मध्ये आले. म्हणजे माणदेशातली ओवी आधी जर्मनमध्ये गेली आणि तेरा वर्षांनी इंग्रजीतून आपल्यापाशी परत आली. यात थोडी शरमेची बाब आहे, पण सगळा दोष आपल्या माथी मारण्याचेही कारण नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६ च्या आपल्या इतिहासग्रंथातच धनगरांच्या वाटांकडे बोट दाखवले होते. पुण्याभोवतीच्या टेकड्या ते पायी तुडवीत, सूक्ष्म दगडी हत्यारे गोळा करीत. ती हत्यारे जिथे सापडतात त्या वाटा आणि पशुपालकांच्या जुन्या वाटा यांचे नाते त्यांनी ओळखले. रा. चिं. ढेरे यांचे ‘खंडोबा’ १९६१ चे. ढेरे आणि सोन्थायमर यांनी एकमेकांकडून पुष्कळ घेतले. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात पंढरीच्या विठोबाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले आहे, त्यामागे ही सगळी पायपीट आहे. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी आणखी निराळ्या अंगाने पाहिले: हटकर धनगर कोरड्या माळावर मेंढ्या पाळतात, गवळी धनगर सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी, खुटेकर लोकर विणतात. एकाच नावाखालची ही माणसे एकमेकांचा चारा ओरबाडत नाहीत, अशी ती वाटणी.

सोन्थायमर यांच्या लेखनातली दोन नावे मला सारखी आठवतात: वन आणि क्षेत्र. क्षेत्र म्हणजे नांगरलेली, मोजलेली, मालकी असलेली जमीन. वन म्हणजे तिच्याबाहेरचे सगळे. निव्वळ जंगल नव्हे, माळ, पडीक, कुरण. वनात शिकारी, मेंढपाळ, तपस्वी आणि लुटारू. क्षेत्रात कुणबी, देऊळ आणि राजा. पण दोन्ही एकमेकांवाचून जगत नाहीत. धनगर हा यांच्यामधला जाणता येणारा माणूस. आणि त्यांचा देव खंडोबा नेमका तसाच. त्याच्या दोन बायका आहेत: म्हाळसा, लिंगायत वाण्याची, घरातली, क्षेत्रातली. बाणाई, धनगराची, वनातली.

बाणाईची कथा प्रत्येक मराठी माणसाला थोडीफार ठाऊक असते, पण ती एका पाहुण्याची कथा आहे हे ध्यानात येत नाही. खंडोबा बाणाईच्या वाड्यावर येतो तो देव म्हणून नाही. म्हाताऱ्या, गबाळ्या गड्याचे सोंग घेऊन तो चाकरीला राहतो. मेंढ्या राखतो, टाकून बोललेले ऐकून घेतो. मेंढ्या धुवायला सांगितल्यावर त्या दगडावर आपटून सगळ्या मारून टाकतो, हाहाकार होतो, बाणाई देत असाल तर जिवंत करतो म्हणतो आणि करतोही. जेजुरीचा राजा वाड्यावर गडी झाल्याशिवाय त्याला वाड्यातली मुलगी मिळत नाही. परक्याने वाड्यावर कसे यावे, याचा नियमच या गोष्टीत सांगून ठेवला आहे. सोन्थायमर यांना ती कथा पाठ होती. तिचा उपयोग त्यांनी स्वतःच्या वागण्यातही केला असावा, असे मला उगीचच वाटते.

१९९२ च्या जून महिन्यात ते गेले, वय अवघे अठ्ठावन्न. मुद्रित करून ठेवलेल्या ओव्या मात्र राहिल्या. त्यांतल्या दोन मोठ्या कथनांचे पुस्तक फेल्डहाऊस यांनी रामदास आटकर आणि राजाराम झगडे यांच्या साहाय्याने २०१४ मध्ये पुढे आणले. गाणारे गेले, टिपणारा गेला, आवाज राहिला.

जगात इतरत्रही वाड्यावर असे पाहुणे गेले आहेत. पश्चिम आफ्रिकेत, सेनेगलपासून चाडपर्यंत, फुलानी नावाचे पशुपालक आहेत. स्वतःला ते फुलबे म्हणवतात. मेंढ्या त्यांच्याकडेही आहेत, पण जीव गाईंवर. डेरिक स्टेनिंग नावाच्या इंग्रज अभ्यासकाने त्यांच्यातल्या वोडाबे या शाखेत राहून लिहिलेला ग्रंथ १९५९ चा. त्यात आणि नंतरच्या लेखनात मला जे भेटले ते वाचून मी पडघ्याच्या शेतात परत गेलो. कोरड्या दिवसांत फुलानी कळप दक्षिणेकडे शेतकऱ्यांच्या कापणी झालेल्या रानात उतरतात, गाई तिथे बसवतात आणि खताच्या बदल्यात धान्य घेतात. आलेल्या पाहुण्यापुढे भोपळ्याच्या तुंब्यातून दूध येते. त्यांच्यात ‘पुलाकू’ नावाची एक रीत आहे: संयम, सोसणे, भीड, भूक लागली तरी ती न दाखवणे. आपल्या म्हाताऱ्या धनगराच्या चेहऱ्यावर जे दिसते त्याला मराठीत शब्द नाही, पण फुलानींपाशी आहे.

तिथल्या एका गोष्टीचा मला हेवा वाटतो. माली देशात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सेकू अमादू या फुलानी राज्यकर्त्याने कुठला कळप कधी, कुठल्या वाटेने नायजर नदीच्या कुरणात उतरेल याचे नियम घालून दिले. दियाफराबे येथे गाईंचे कळप नदी पोहून पार होतात, तो दिवस सणासारखा साजरा होतो. २००५ मध्ये युनेस्कोने त्या सणाला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. तिथेही आता सारे गोड नाही. गेल्या काही वर्षांत शेतकरी आणि फुलानी यांच्यात रक्तपात झाला आहे, वाटा नांगराखाली गेल्या आहेत. पण वाट ही कायद्याने सांभाळायची वस्तू आहे, एवढे तिथल्या राज्याने दोनशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

आपल्याकडे? आपल्याकडे धनगरांनी राज्ये उभी केली. मल्हारराव होळकरांचे बालपण मेंढ्यांमागे गेले. १७३९ च्या ज्या वसई मोहिमेत चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला आणि पुढे आमच्याच तालुक्यात तिचे देऊळ उभे राहिले, त्या मोहिमेत मल्हाररावही होते. चौंडीच्या धनगर घरात जन्मलेल्या अहिल्याबाईंचे नाव २०२४ मध्ये नगर जिल्ह्याला मिळाले. भटक्या जमाती ‘क’ म्हणून साडेतीन टक्के आरक्षण आहे. अनुसूचित जमातीत घ्यावे ही मागणी फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. ‘धनगर’ आणि ‘धनगड’ एकच की दोन, यावर एवढा कागद खर्ची पडला. या सगळ्यात घोडीवर पोर बसवून घाट उतरणाऱ्या बाईला रात्री वाघर कुठे लावायची, या प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही.

भिवंडीत तो प्रश्न फार उघडा दिसतो. आमचे गाव मागांचे. खटखट ऐकतच आम्ही मोठे झालो. सुताला खळ लावणारे सायझिंगचे कारखाने इथे गल्लोगल्ली. एकदा मुरबाडजवळच्या म्हशाच्या यात्रेत, पौषातल्या गारठ्यात, घोंगडी घेताना विकणाऱ्याने सांगितले की लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, तेव्हा मला उगाच नाते जोडल्यासारखे वाटले. त्याचा माग खड्ड्यातला, हाताचा; आमचा विजेचा. आता घोंगडीलाही गिऱ्हाईक कमी आणि आमच्या मागांनाही. लोकरीला भाव नाही, म्हणून मेंढी राहिली ती मटणापुरती. मागांच्या पलीकडची भातशेती गोदामांखाली गेली. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली करत करत ती रांग नाशिकच्या रस्त्याने वडप्यापर्यंत पोचली. तुम्ही घरबसल्या मागवलेली वस्तू बहुधा आमच्या एखाद्या जुन्या खाचरावरूनच तुमच्याकडे येते. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. आमणे आमच्या तालुक्यातले. नागपूरहून मोटार तिथे काही तासांत येते. मेंढी त्या रस्त्यावर पाऊल ठेवू शकत नाही. तिला पलीकडे जायचे तर मोरी शोधावी लागते. क्षेत्राने वन गिळले, हे ग्रंथात वाचले होते. इथे क्षेत्रही गिळले गेले.

तरी ते येतात. मागल्या हिवाळ्यात पडघ्याच्या पुढे, एका अर्धवट भिंत घातलेल्या जमिनीच्या कडेला, मला वाडा दिसला. तीन बिऱ्हाडे. पुरुष मेंढ्यांमागे गेलेले. एक वयस्क बाई चुलीपाशी होत्या, कडेला सौर पट्टीवर मोबाइल चार्ज होत होता. मी थोडा लांबच थांबलो; कुत्री होती, आणि बाणाईची गोष्टही आठवत होती. त्यांनी कुत्र्यांना हाकलले. ‘या की पावणं, बसा. च्या ठेवते.’ घोंगडी झटकून पसरली. चहा मेंढीच्या दुधाचा होता, दाट आणि किंचित उग्र.

त्या पारनेरकडच्या. सासऱ्यांच्या काळापासून याच वाटेने येतात. आमच्या गावाचे नाव सांगितले तर म्हणाल्या, ‘तिथं ओढ्याकडंला मोठं आंब्याचं झाड व्हतं, त्याच्या खालच्या वावरात आमी बसायचो.’ ते आमचेच शेत. झाड नाही आता, ओढा नळात घातला आहे. आजोबांचे नाव त्यांना आठवले नाही, पण ‘तांदूळ चांगला द्यायचे’ हे आठवले. मी ओव्यांबद्दल विचारले. त्यांचे दीर म्हणायचे, ते वारले. पोरांच्या मोबाइलमध्ये आहेत म्हणाल्या.

उठताना त्यांनी एक काम सांगितले. या जमिनीच्या राखणदाराने उद्या सकाळी हलायला सांगितले होते. ‘तुमच्या वळखीत कुणाचं वावर असंल दोन राती, तर बघा की, दादा.’ मी तिथेच उभा राहून तिघांना फोन केले. पहिल्याची जमीन विकून झाली होती. दुसऱ्याच्या जमिनीला कुंपण पडले होते आणि किल्ली ठाण्याला होती. तिसऱ्याने हो म्हटले, अगदी आनंदाने. वर्षानुवर्षे न कसलेली त्याची दोन खाचरे रिकामीच होती. मग त्याने विचारले, ‘ते एका रात्रीचे किती देतील?’

मी फोनवर हात ठेवून त्या बाईंना हे सांगितले. त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत.

‘किती म्हणत्यात?’ एवढेच त्यांनी विचारले.